आवाज भरता येणारं गोष्टीचं पुस्तक: तैनातीवर निघण्याआधी घ्यावं का?

जरूर घ्यावं, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. या पुस्तकात पानागणिक तुमचा आवाज भरता येतो, आणि तुम्ही दूर असताना मूल तो ऐकतं. प्रत्येक पानाला आवाज भरायला मोजकेच सेकंद मिळतात, म्हणून आधी घड्याळ लावून वाचून पाहा. नाहीतर शेवटचा शब्द अर्धाच कापला जातो. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर लांब, आणि पहिल्याच पानावर मुलाला लाडाच्या नावाने हाक. भरून झालं की मागची कळ लगेच लॉकवर सरकवा. ती लॉक करायची राहिली की चिमुकलं बोट रेकॉर्डचं बटण दाबतं, बाबांचा आवाज पुसला जातो, आणि पुन्हा भरायला बाबा महिनोन्‌महिने घरी नसतात. सेल काढल्यावर आवाज टिकतो का, हे एकच पान भरून आधी तपासा. फोनमध्येही एक प्रत ठेवाच. बांधणी मात्र कच्ची. कडांना चिकटपट्टी लावून घ्या.