‘वन कट ऑफ द डेड’ की ‘शॉन ऑफ द डेड’?
अवघ्या तीसेक लाख येनांत बनलेल्या शिनिचिरो उएदा यांच्या ‘वन कट ऑफ द डेड’ या जपानी झॉम्बी-विनोदपटाची (झॉम्बी म्हणजे जिवंत झालेली प्रेते; २०१७) पहिली ३७ मिनिटे एकाच अखंड शॉटमध्ये उलगडतात, आणि त्यातील अडखळते संवाद, भिंगावर उडालेले नि घाईने पुसलेले रक्त पाहून उठून जावेसे वाटते, पुढे मात्र त्याच चुकांवर हसून हसून पुरेवाट होते. एडगर राइट यांच्या ‘शॉन ऑफ द डेड’ (२००४) या दुसऱ्या झॉम्बी-विनोदपटाला त्या मानाने कितीतरी अधिक पैसा मिळाला होता. त्यातला नायक दुकानातील फ्रिजच्या काचेवरचे रक्ताळलेले पंजे न पाहताच शीतपेय उचलतो, आणि हशा तिथल्या तिथे पिकतो. धीर नसेल तर हाच निवडावा. माझे मत मात्र, सुरुवातीचा (खरोखरच रटाळ) अर्धा तास सोसूनही, जपानी चित्रपटालाच.