टॉमकॅट घ्यायचा का वाइल्डफ्लाय? कोल्हापुरातल्या छोट्या जावा टीमसाठी

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, आजूबाजूचे साखर कारखाने, पतसंस्था, यांना जावामध्ये सॉफ्टवेअर करून देणाऱ्या टीमला नवीन काम आलं की जावाचं अ‍ॅप चालवायला सर्व्हर टॉमकॅट घ्यायचा का वाइल्डफ्लाय, हा प्रश्न येतोच. पैशावर ठरवू नका, दोन्ही ओपन सोर्स आहेत, लायसनचा खर्च नाही.

टॉमकॅट हलका. सर्व्हलेट, जेएसपी, वेबसॉकेट, म्हणजे वेबची बाजू, एवढंच बघतो, झिप उघडायची, जावा असला की ८०८० पोर्टला चालू. स्प्रिंग बूट (जावाचं तयार फ्रेमवर्क) वापरत असाल तर टॉमकॅट तुमच्या जारच्या (अ‍ॅपच्या फाइलच्या) आतच बसून येतो, सर्व्हर वेगळा बसवायलाच नको. वाइल्डफ्लायमध्ये ईजेबी (बिझनेस लॉजिक), जेपीए (डेटाबेस), जेएमएस (मेसेज), जेटीए (ट्रान्झॅक्शन) सगळं आत आहे, वर ९९९० पोर्टला अ‍ॅडमिन कन्सोल. रॅम जास्त घेतो आणि त्याचं एक्सएमएल कॉन्फिगरेशन नवीन पोराला समजायला वेळ लागतो, हे मात्र खरं.

आता मुद्द्याचं. कारखान्याचं उदाहरण घेऊया. काट्यावर उसाच्या गाडीचं वजन झालं, ते एका डेटाबेसला गेलं, ऊस बिलाची नोंद हिशेबाच्या दुसऱ्या डेटाबेसला आणि बँकेसाठी मेसेज क्यूमध्ये, म्हणजे पाठवायच्या मेसेजच्या रांगेत. कायद्यानं १४ दिवसात बिल द्यायचं असतंय, शेतकरी स्लिप घेऊन दारात उभा राहतो, तिथं वजन आहे पण बिल नाही असं होऊन चालतच नाही. तिन्ही नोंदी व्हायच्या नाहीतर एकही नाही. हे काम जेटीएचं, तो आधी सगळ्यांना तयार आहात का विचारतो, सगळे हो म्हणाले की मगच कमिट करतो, म्हणजे नोंदी पक्क्या करतो. वाइल्डफ्लायमध्ये त्यासाठी नारायणा हा ट्रान्झॅक्शन मॅनेजर आतच आहे. टॉमकॅटला नारायणा किंवा अ‍ॅटोमिकॉस बाहेरून जोडता येतं, पण मग व्हर्जन जुळवणं, रिकव्हरी लॉग पक्क्या डिस्कवर ठेवणं, सर्व्हर मधेच पडला तर अर्धवट ट्रान्झॅक्शन सोडवणं, सगळं तुमच्या गळ्यात.

पण भावा, आधी डेटाबेस किती आहेत ते मोज! वजन आणि बिल एकाच डेटाबेसमध्ये असेल तर साधं ट्रान्झॅक्शन पुरतंय, आणि बँकेचा मेसेज त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका टेबलात लिहून ठेवायचा, नंतर वेगळा जॉब तो पाठवेल, फक्त तोच मेसेज दोनदा गेला तरी पलीकडं एकदाच धरला जाईल याची सोय करायची. माझ्या मते बऱ्याच कामांना एवढ्यात भागतं, आणि एवढ्यात भागत असेल तर टॉमकॅटच घ्या.

जुना कोड असेल तर अजून एक बघा. २०१७ ला ओरॅकलनं जावा ईई (सर्व्हलेट, ईजेबी, जेपीए वगैरेंचं स्टँडर्ड) एक्लिप्स फाउंडेशनकडं द्यायचं ठरवलं, पुढं नाव जकार्ता ईई झालं आणि पॅकेजची नावं जावाएक्सची जकार्ता झाली. टॉमकॅट ९ पर्यंत जुनी नावं, १० पासून नवीन, वाइल्डफ्लायमध्येही २७ पासून नवीनच. जुनी वॉर फाइल (अ‍ॅपचं पॅकेज) नव्या सर्व्हरवर सरळ टाकली तर चालणार नाही, अपाचेचं मायग्रेशन टूल आहे ते वापरायचं, लायब्ररीसुद्धा तपासायच्या.

मधला पर्याय टॉमईई, म्हणजे टॉमकॅटच पण आत जेपीए, जेटीए वगैरे जोडलेलं. टीमला टॉमकॅट येतोय पण डेटाबेस खरंच दोन आहेत, तर आधी हाच लावून बघा. आणि काहीही घेतलं तरी गाळप सुरू व्हायच्या आधी कमिटच्या मधोमध सर्व्हर मुद्दाम बंद पाडून नोंदी जुळतात का ते तपासा, सीझनमध्ये तेवढी सवड मिळत नाही.