रातांब्याची (कोकमाची) कलमं झकास, शोभेची झाडं ठीकठाक

चिपळूणच्या अलीकडे हायवेला लागून ही नर्सरी आहे, रातांब्याची कलमं एकदम बेस्ट मिळाली, कोकण अमृता, दापोली विद्यापीठाची जात. मालकाने आधी विचारलं आमसुलं, आगळ (रातांब्याचा खारवलेला रस) घरी करणार का, आणि मग सांगितलं बियांचं रोप नेऊच नका कारण रातांब्यात नर-मादी झाड वेगळं असतं, ५-७ वर्षं पाणी घालायचं आणि शेवटी नर निघाला की बसा बोंबलत. कलम बांधलेला जोड मात्र नीट बघून घ्या, एका कलमाची प्लास्टिकची पट्टी खोडात रुतलेली, त्यांनी लगेच बदलून दिलं. क्रोटन, हेलिकोनिया सगळं शेडनेटखाली वाढवलेलं, डायरेक्ट उन्हात ठेवलं तर पानं करपतात, हे तिथे कोणी सांगत नाही. रेट जरा जास्तच वाटले. कॅश न्या, रेंज नसते.