टोयोटा पिकअपला सॉलिड एक्सल टाकलाय? पुढचे पाटे घेताना लिफ्टचे इंच बघू नका

गाडी माझी १९८७ ची टोयोटा पिकअप, फोर बाय फोर, २२आरई इंजिन, म्हणजे २.४ लिटरचं चार सिलिंडरवालं. अमेरिकेत टोयोटाने १९८५ पर्यंत या पिकअपला पुढे सॉलिड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा) दिला आणि ८६ पासून टॉर्शन बारवालं (पिळणाऱ्या दांड्याची स्प्रिंग असलेलं) इंडिपेंडंट सस्पेन्शन आणलं, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलणारं. हायवेला ते छानच आहे, पण अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोआबच्या खडकांवर एक चाक वर चढलं की दुसरं खाली पोचतच नाही, हवेत लटकतं. म्हणून ८५ च्या गाडीचा एक्सल शोधून आणला आणि खाली बसवला. एक्सल, स्टिअरिंग, हब यांच्यावर हवी तेवढी माहिती मिळते (जुना एक्सल अरुंद असतो, नंतरच्या गाडीचे हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते, लावले की प्रत्येक बाजूला दीड इंच रुंदी वाढते, हे तर आता सगळ्यांना पाठ आहे). पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) विषय निघाला की मात्र जो तो एकच विचारतो, किती इंच लिफ्ट, म्हणजे गाडी किती उंच होणार? मीपण तेच विचारलं आणि तिथेच फसलो.

पहिला सेट घेतला पाच इंची लिफ्टचा. दुकानाचं नाव देत नाही. खोक्यातून काढल्यावर दिसायला एकदम दणकट, जाड पाटे, कमान अशी की धनुष्यच. बसवले, जॅक काढला, आणि पुढची बाजू खाली बसलीच नाही. शॅकल म्हणजे पाट्याचं मागचं टोक फ्रेमला लटकवणारी हलती कडी, तिचं खालचं टोक थोडं मागे झुकलेलं हवं, म्हणजे चाक वर आलं आणि पाटा सपाट होऊन लांबला की शॅकलला मागे जायला वाव राहतो. माझी शॅकल सरळ उभी, उलट किंचित पुढेच कललेली. म्हणजे खड्ड्याचा दणका आला की पाटा लांबायला बघतोय आणि शॅकल त्याला हलू देत नाहीये, सगळा मार थेट फ्रेमला. स्पीडब्रेकरवर दात वाजायचे. नंतर काढून दोन्ही पॅक (पाट्यांचे जुडगे) फरशीवर शेजारी शेजारी ठेवून टेप लावला तर डाव्या-उजव्या कमानीत एक सेंटीमीटरचा फरक निघाला, नवीन मालात!

बाबांना फोन केला. त्यांनी कराडला कितीतरी वर्षं टेम्पो चालवलाय, पाटेवाल्याकडे बसून पाटे हाणून घेण्यात त्यांचे कितीतरी रविवार गेलेत. फोटो बघितले आणि पहिलाच प्रश्न, "अरे, रिकाम्या गाडीला भरलेल्या गाडीचे पाटे कशाला घातलेस?" पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) आहे का, लोखंडी बंपर आहे का, इंजिन केवढं, हे सगळं त्यांनी विचारलं, जे दुकानदाराने एकदाही विचारलं नव्हतं. माझ्याकडे विंच नाही, बंपर कंपनीचाच, इंजिन हलकं. तो पॅक व्ही सिक्स इंजिन, विंच आणि मोठ्या बंपरवाल्या गाडीला कदाचित बरा बसला असता.

हिशोब सोपा आहे, तो आधी कळला असता तर माझे पैसे वाचले असते. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो आणि लांबीच्या घनाप्रमाणे कमी होतो. पाटा १० टक्के लांब घेतला की साधारण २५ टक्के मऊ पडतो. जाडी दुप्पट केली तर तोच पाटा आठपट कडक. म्हणून मोजकेच जाड पाटे घेण्यापेक्षा संख्येने जास्त पण पातळ पाटे, लांब आणि कमी कमानीचे, हे कधीही चांगलं. पॅक जेवढा सपाट तेवढी शॅकल कमी फिरते आणि चाकाला वर यायला तेवढा जास्त प्रवास मिळतो. उंची हवीच असेल तर ती हँगर (पाट्याचं टोक फ्रेमला धरणारा कंस) आणि शॅकलच्या जागेतून काढा, कमानीतून नको.

आता जे लावलेत ते ओल्ड मॅन इमूचे, ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा ब्रँड. वजनाप्रमाणे वेगवेगळे मिळतात, मी हलक्या वजनाचे घेतले. लिफ्ट साधारण दोन इंच. टोयोटाचा पाटा ६० मिलीमीटर रुंद असतो त्यामुळे एक्सलवरच्या बैठकीत बरोब्बर बसले, घासाघासी काही करावी लागली नाही. (जीपच्या वायजे मॉडेलचे पाटे अडीच इंच रुंद असतात, ते घेणार असाल तर बैठक आणि यू बोल्ट (पाटा एक्सलला आवळून धरणारे) दोन्ही बदलावे लागतात.) पहिल्याच दिवशी घरासमोरच्या फुटपाथच्या कडेवर एक चाक तिरकं चढवलं आणि खाली वाकून बघितलं, मेन पाटा शांतपणे सपाट झालेला, शॅकल मागे गेलेली, आणि पलीकडचं चाक जमिनीला टेकलेलं. दहा मिनिटं मी तिथेच बसून होतो, एवढं समाधान.

तक्रारी आहेतच. महाग आहेत. एवढ्या कमी लिफ्टवर ३३ इंची टायरला जागा होते पण ३५ इंची घालायचे तर फेंडर कापावाच लागेल, एक्सल इंच-दीड इंच पुढे सरकवूनसुद्धा. आणि पाटे मऊ आहेत म्हटल्यावर बंपस्टॉप (चाक फार वर येऊ न देणारा ठोकळा) नीट लावणं आलंच, नाहीतर पाटा उलटा वाकत राहतो आणि लवकर बसतो.

लावणाऱ्यांसाठी एक सांगतो, हँगर आधी नुसते टाके मारून धरा, इंजिन, रेडिएटर, बॅटरी सगळं जागेवर ठेवून गाडी स्वतःच्या वजनावर उभी करा, शॅकलचा कोन मोबाईलने मोजा, मगच पक्कं वेल्डिंग. कॅस्टरसाठी, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल साधायला, पाचर घालायचीच असेल तर स्टीलची, ॲल्युमिनियमच्या चिरडतात. आणि पहिल्या शंभर मैलांनंतर यू बोल्ट परत आवळा. माझ्या मित्राने नाही आवळले, सेंटर बोल्टच्या भोकातून मेन पाटा तुटला आणि एक्सल एका बाजूने मागे सरकला, नशीब की पार्किंगमध्ये होता.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा किमतीचा कापला. मागे अजून कंपनीचेच जुने पाटे आहेत, तिथे शेव्रोलेच्या मोठ्या पिकअपचे ६३ इंची टाकायचा विचार चाललाय. कुणी टाकले असतील तर हँगर फ्रेमवर कुठे लावला तेवढं नक्की सांगा.