स्काय-वॉचर स्टार ॲडव्हेंचरर २आय: पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर कितपत चालतो?

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढताना कॅमेऱ्याला ताऱ्यांसोबत फिरवणारा हा ट्रॅकर १३५ मिमीपर्यंतच्या लेन्ससाठी घेत असाल तर बिनधास्त घ्या. २०० मिमीवरही काम होतं, फक्त बऱ्याच फ्रेम टाकून द्यायची तयारी हवी. छोटी दुर्बीण चढवायचा बेत असेल तर मात्र या ट्रॅकरच्या वाटेला जाऊ नका. वजन ५ किलोपर्यंत पेलतो असं कंपनी म्हणते आणि ते खोटं नाही, पण इथे अडचण वजनाची नसून गिअरची आहे. त्याबद्दल पुढे.

आकाश दर सेकंदाला साधारण १५ आर्कसेकंद सरकतं (६० आर्कसेकंद म्हणजे एक आर्कमिनिट, ६० आर्कमिनिटं म्हणजे एक अंश). २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा (पिक्सेल ३.९ मायक्रॉन) आणि १३५ मिमी लेन्स या जोडीत एक पिक्सेल म्हणजे ६ आर्कसेकंद. म्हणजे साध्या ट्रायपॉडवर एका सेकंदातच तारा अडीच पिक्सेल ओढला जातो. ट्रॅकर कॅमेऱ्याला पृथ्वीच्या उलट दिशेने त्याच वेगाने फिरवतो, त्यामुळे मिनिटभराचं एक्सपोजर शक्य होतं.

घ्यायचा तर प्रो पॅकच घ्या. नुसतं मुंडकं (फिरणारा मोटरचा भाग) स्वस्त पडतं, पण वेज (मुंडकं ध्रुवाकडे तिरकं रोखणारी बैठक), डेक्लिनेशन ब्रॅकेट (कॅमेरा उत्तर-दक्षिण वळवून धरणारी पट्टी), काउंटरवेट (तोलाचं वजन) आणि त्याचा दांडा नंतर सुटे घेताना हिशेब उलटा होतो. बॉलहेडवर १३५ मिमी लेन्स लावून चालेल, असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. रोख ठरवून बॉलहेड घट्ट केलं की लेन्स खाली झुकते आणि फ्रेममधला विषय निसटतो. ब्रॅकेट आणि काउंटरवेटने तोल साधता येतो. तोल साधताना पूर्वेची बाजू किंचित जड ठेवायची, म्हणजे गिअरचे दाते एकाच बाजूने टेकलेले राहतात.

आता वेज. उपकरणाचा सगळ्यात कच्चा भाग हाच, आणि आपल्याकडे तो जास्तच जाणवतो. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८.५ अंशांवर असतो, मुंबईत १९, कोल्हापुरात १७च्याही खाली. इतक्या कमी कोनात ट्रॅकरचा अक्ष जवळपास आडवा होतो आणि सगळा भार पुढे, उत्तरेकडे लोंबतो. उंचीचा लॉक सैल केला की मुंडकं खाली बसतं, घट्ट केला की ध्रुवतारा हलतो. उपाय असा: ताऱ्याजवळ नेहमी खालून वर या, म्हणजे भार उचलत. लॉक अर्धा आवळा, दिशेचे दोन समोरासमोरचे स्क्रू एक सैल, एक घट्ट करत तारा जागेवर आणा, मग लॉक पूर्ण आवळा. कॅमेरा आणि काउंटरवेट चढवल्यावर पोलर स्कोपमधून, म्हणजे अक्षातून ध्रुवतारा बघायच्या छोट्या दुर्बिणीतून, पुन्हा बघा. बहुतेक वेळा थोडं सरकलेलं असतंच.

दुसरी गोष्ट पायांची. ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला रोखायचा, असं बहुतेक ठिकाणी शिकवतात. १८ अंशांवर ते गैरसोयीचं ठरतं. विषय पूर्वेला नुकता उगवलेला असेल तर काउंटरवेटचा दांडा जवळपास उभा खाली येतो, तोही थोडा उत्तरेकडे झुकून, आणि थेट त्या पायावर आपटतो. म्हणून एक पाय दक्षिणेला आणि दोन उत्तरेकडे फाकवून ठेवा, मधला खांब थोडा वर घ्या. सुरू करण्याआधी क्लच सैल करून सगळा जुडगा हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. रात्री दोन वाजता दांडा अडकून मोटर कुरकुरू लागण्यापेक्षा हे परवडलं. कमी अक्षांशाचा एक फायदाही आहे बरं का: पोलर स्कोपमध्ये जवळपास आडवं बघायचं असल्याने मान मोडत नाही.

पोलर अलाइनमेंट, म्हणजे अक्ष ध्रुवबिंदूकडे रोखणं, किती अचूक हवी याचा बाऊ नको. अक्ष एक आर्कमिनिटाने चुकला तर तारा मिनिटाला फार तर पाव आर्कसेकंद घसरतो. १८ अंशांवर हवेतल्या अपवर्तनामुळे ध्रुवतारा सुमारे ३ आर्कमिनिटं वर दिसतो, तेही या लेन्सला कळत नाही. पण ध्रुवताराच मधोमध ठेवलात तर चूक सुमारे ३८ आर्कमिनिटांची होते, कारण खरा ध्रुवबिंदू त्याच्यापासून तितका लांब आहे. मग मिनिटाला १० आर्कसेकंद, म्हणजे दीड पिक्सेलहून जास्त घसरण. मोबाइलवरच्या पोलर अलाइनमेंटच्या ॲपमध्ये ध्रुवताऱ्याचं घड्याळातलं स्थान बघायचं आणि पोलर स्कोपच्या वर्तुळावर त्याच जागी तो बसवायचा, एवढंच. जागा निवडताना उत्तर क्षितिज आधी बघा. उत्तरेला टेकडी किंवा इमारत असली, की बाकी आकाश कितीही काळं असो, अर्धी रात्र झटापटीत जाते. मोबाइलच्या होकायंत्रावर फार विसंबू नका. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहून कमी फरक आहे, पण जवळच्या लोखंडामुळे सुई सहज पाच अंश भरकटते.

आता गिअर. आतल्या चाकाला १४४ दाते आहेत, म्हणून वर्मचा (ते चाक ढकलणाऱ्या स्क्रूचा) एक फेरा सुमारे १० मिनिटांचा. या फेऱ्यात वेग थोडा पुढे-मागे होतो. प्रत्येक नगात हे प्रमाण वेगळं निघतं. टोकापासून टोकापर्यंत ५० आर्कसेकंद धरले तर फेऱ्यातल्या सर्वांत वाईट टप्प्यात मिनिटाला १५ आर्कसेकंदांची चूक येते. १३५ मिमीवर ते अडीच पिक्सेल, २०० मिमीवर जवळजवळ चार. म्हणून १३५वर ४५ ते ६० सेकंद आणि २००वर ३० सेकंद हा सुज्ञ आकडा. दहा मिनिटं सलग फ्रेम घ्या आणि त्यातल्या किती लांबट आल्या ते मोजा. तुमच्या नगाची मर्यादा त्यातच कळते. तारे पूर्व-पश्चिम लांबले असतील तर दोष गिअरचा किंवा तोलाचा, उत्तर-दक्षिण लांबले तर अलाइनमेंटचा. गायडिंगचं (दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने तारा बघत चूक आपोआप सुधारायचं) पोर्ट आहे, पण मोटर एकाच अक्षावर असल्याने ते फक्त पूर्व-पश्चिमची चूक सुधारतं.

याच एका अक्षामुळे नीट डिदरिंग, म्हणजे फ्रेमगणिक रोख किंचित हलवणं, होत नाही. शेकडो फ्रेम स्टॅक केल्यावर, म्हणजे एकावर एक रचून एक फोटो केल्यावर, तिरक्या रेघांचा नॉइज उमटतो. दर १०-१५ फ्रेमनंतर डेक्लिनेशनची मूठ केसभर फिरवा, रेघा बऱ्याच विरतात. स्टॅकिंगचं काम सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर हे सॉफ्टवेअर करतं, दोन्ही फुकट आहेत. डार्क फ्रेम (सेन्सरचा नॉइज वजा करण्यासाठी लेन्स झाकून घेतलेल्या) त्याच रात्री, त्याच तापमानाला घ्या. एप्रिलच्या उकाड्यात सेन्सर तापतो, जानेवारीतले डार्क तिथे निरुपयोगी.

विषयांच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान. ज्येष्ठा तारा आणि भोवतालचे रंगीत मेघ पुण्याहून ४५ अंश उंच जातात, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ २४ अंशांपर्यंत येतो. युरोपातल्या बहुतेकांना हे जमत नाही. १३५ मिमीला हेच मोठे विषय शोभतात. आकाश हवं असेल तर पेंच व्याघ्र प्रकल्प बघा, २०२४मध्ये तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. पावसाळ्यात उपकरण कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

जास्त पैसे घालायची ऐपत असेल तर याचाच भाऊ जीटीआय बघावा. त्याला दोन्ही अक्षांवर मोटर, विषय स्वतः शोधायची सोय आणि दोन्हीकडचं गायडिंग आहे. पण मुंडकंच अडीच किलोच्या वर जातं आणि वीजही जास्त लागते. पाठीवर घेऊन किल्ला चढणाऱ्याने २आयच घ्यावा.

२आय चार पेन्सिल सेलवर चालतो. पॉवर बँक लावलीत तर एक गंमत होते: ट्रॅकर इतका कमी करंट खेचतो, की बऱ्याच पॉवर बँका काहीच जोडलेलं नाही असं समजून काही मिनिटांत बंद पडतात, आणि ट्रॅकर मध्येच थांबतो. त्याच पॉवर बँकेवर दव रोखणारा यूएसबी हीटरचा पट्टा लेन्सला गुंडाळा. त्याचा करंट पुरेसा असतो, बँक जागी राहते, आणि डिसेंबरच्या पहाटे काचेवर दवही धरत नाही.