सीएक्यूएच पोर्टल: पीएच्या क्रेडेन्शियलिंगसाठी वर्षभर वापरल्यावर

न्यू जर्सीत फॅमिली मेडिसिनच्या एका छोट्या क्लिनिकचं ऑफिस मी सांभाळते. गेल्या वर्षी आम्ही पहिल्यांदा पीए, म्हणजे डॉक्टरांबरोबर काम करत पेशंट तपासणारी फिजिशियन असिस्टंट घेतली आणि तिला इन्शुरन्स कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये आणायचं काम, म्हणजेच क्रेडेन्शियलिंग, माझ्याकडे आलं. आपली बरीच मुलं-मुली इथे पीए होतायत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सीएक्यूएच म्हणजे प्रोव्हायडरची, म्हणजे डॉक्टर-पीएंची, माहिती इन्शुरन्स कंपन्यांसाठी एका जागी ठेवणारं ऑनलाइन पोर्टल; प्रोव्हायडरला ते फुकट आहे. शिक्षण, लायसन्स, एनपीआय (प्रोव्हायडरचा राष्ट्रीय ओळख क्रमांक), डीईए (नियंत्रित औषधं लिहून देण्याची नोंदणी), एनसीसीपीए या पीएंना प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट, मालप्रॅक्टिस विम्याचा कागद, सगळं एकदाच भरायचं. ज्या कंपन्यांना परवानगी द्याल त्या तिथूनच माहिती घेतात. तेच तेच परत भरण्याचा व्याप खरंच वाचला.

सगळ्यात जास्त वेळ गेला नावात. तिच्या पदवीवर माहेरचं आडनाव आणि मध्ये वडिलांचं नाव, लायसन्सवर नवऱ्याचं आडनाव. इतर नावांच्या रकान्यात प्रत्येक रूप कागदावर आहे तसंच भरलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. नोकरीत सहा महिन्यांहून मोठा खंड असेल तर त्याचं कारणही आधीच लिहून ठेवा, विचारतातच. आणि दर 120 दिवसांनी माहिती बरोबर असल्याची पुन्हा ग्वाही द्यावी लागते. ती तारीख चुकली की चालू अर्जही अडकू शकतो. मी ती कॅलेंडरवर दोन आठवडे अलीकडे टाकून ठेवते.

पण पोर्टल फक्त कागद गोळा करतं. निर्णय कंपनीचा, आणि पीएच्या बाबतीत प्रत्येकीचा नियम निराळा. एका कंपनीने आमची फाइल उन्हाळाभर ठेवून घेतली आणि मग कळवलं, आम्ही पीएला वेगळं एनरोल करत नाही, बिल सुपरवायझिंग डॉक्टरांच्या नावाने पाठवा. हे पहिल्याच फोनवर सांगता आलं असतं. आजही त्याचा राग येतो. आता मी अर्जाआधीच प्रत्येक कंपनीकडून ईमेलवर उत्तर घेते: पीएला स्वतःच्या नावाने नेटवर्कमध्ये घेता का, आणि कुठल्या तारखेपासून?

मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याचा, अर्ज वेगळा, त्यांच्या पेकॉस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर. 2022 पासून मेडिकेअर पीएला थेट पैसे देऊ शकतं; दर डॉक्टरांच्या 85 टक्के. 'इन्सिडेंट टू'खाली, म्हणजे पीएचं काम डॉक्टरांनी सुरू केलेल्या उपचारांचाच भाग धरून, डॉक्टरांच्या नावाने बिल केलं तर 100 टक्के मिळतात, पण पेशंट नवा असेल किंवा जुन्याचीच तक्रार नवी असेल तर ते चालत नाही. मंजुरी यायची आहे म्हणून तोवर सरसकट डॉक्टरांच्या नावाने बिलं लावा, असा सल्ला देणारे भेटतील. कृपा करून ऐकू नका. पैसे परत करावे लागतातच, वर चौकशी मागे लागू शकते ती डॉक्टरांच्याही.

एकदोन पीए असलेल्या क्लिनिकला बाहेरची एजन्सी लावायची गरज मला वाटत नाही. पोर्टल नीट भरा, जॉइनिंगच्या चार महिने आधी सुरुवात करा, आणि मंजुरीची तारीख लेखी हातात येईपर्यंत त्या कंपनीचे पेशंट तिच्या शेड्यूलवर टाकू नका.