प्रोस्टेट कॅन्सरच्या ‘टी-सेल इंजेक्शन’च्या नावाखाली झालेली आमची फसवणूक

माझ्या वडिलांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत पोहोचलेला आहे. हार्मोनची इंजेक्शने नेमाने चालू असूनही गेल्या वर्षी त्यांचा पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरचा अंदाज देणारे रक्तातील प्रथिन) पुन्हा वाढू लागला आणि त्याच सुमारास ठाण्यातील एका परिचितांमार्फत आमची गाठ वाशीत कार्यालय थाटून बसलेल्या एका मध्यस्थाशी पडली. त्याने आमच्याकडून ३ लाख ८० हजार रुपये घेतले. ही हकीकत सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, त्याने सांगितलेल्या विज्ञानात खोटे जवळजवळ काहीच नव्हते.

दोन टोकांची प्रतिपिंडे प्रयोगशाळेत घडवली जातात, त्यांचे एक टोक टी-पेशीवरील (शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या पेशीवरील) सीडी३ या प्रथिनाला आणि दुसरे कॅन्सरच्या पेशीवरील पीएसएमए किंवा स्टीप१ या प्रथिनाला चिकटते, आणि अशा रीतीने जवळ आणलेली टी-पेशी कॅन्सरच्या पेशीला मारते, असे त्याने कागदावर आकृती काढून समजावले. याच तत्त्वावरच्या ब्लिनाट्युमोमॅबला अमेरिकेत २०१४ साली रक्ताच्या कॅन्सरसाठी आणि टारलाटामॅबला २०२४ साली फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली, हेही खरेच आहे. त्याने गाळले ते एवढेच, की प्रोस्टेटसाठीची झालुरिटामिगसारखी औषधे तेव्हा चाचण्यांतच होती आणि दुकानातून किंवा मध्यस्थाकडून विकत मिळण्याजोगी नव्हती. “काका, तुमच्या रिपोर्टमध्येच पीएसएमए लिहिलंय, म्हणजे हे औषध तुमच्यासाठीच आहे,” असे तो वडिलांना म्हणाला. पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (हे प्रथिन शरीरात कुठे आहे ते दाखवणाऱ्या तपासणीत) ते दिसले म्हणजे त्यावरचे औषध हाती आले असे नव्हे, हे आम्हाला नंतर रुग्णालयातील डॉक्टरांनी सांगितले.

वडिलांना ‘चाचणीत घेतले आहे’ आणि पैसे हा ‘रुग्णाचा वाटा’ आहे, असे त्याचे म्हणणे होते. वास्तविक चाचणीतील औषधाची किंमत रुग्णाकडून घेतली जात नाही. नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, संमतीपत्राची प्रत रुग्णाला मिळते आणि भारतात होणारी चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत कोणालाही शोधता येते. आम्हाला संमतीपत्र दिलेच नाही. नोंदणी क्रमांक विचारला तेव्हा ‘परदेशातली चाचणी आहे’ असे उत्तर आले.

इंजेक्शन घोडबंदर रस्त्यावरील एका लहान दवाखान्यात दिले गेले. बाटली मध्यस्थाने स्वतः थर्माकोलच्या डब्यातून आणली, तेव्हा आतला बर्फ वितळत आला होता. अशी प्रतिपिंडे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये सांभाळावी लागतात. अर्ध्या तासात वडिलांना रिक्षाने घरी पाठवले. “आमच्या औषधाला साइड इफेक्टच नाही,” हे तो अभिमानाने सांगत होता, आणि माझ्या मते फसवणुकीची सर्वांत ठळक खूण हीच होती. खऱ्या औषधाने चेतवलेल्या टी-पेशी सायटोकाइन ही दाह वाढवणारी रसायने सोडतात, त्यामुळे ताप येतो, रक्तदाब आणि ऑक्सिजन उतरू शकतो. म्हणूनच सुरुवातीचे डोस टप्प्याटप्प्याने वाढवत, देखरेखीखाली दिले जातात.

पुढच्या तपासणीत पीएसए उतरला आणि मध्यस्थाने लगेच पुढचा हप्ता मागितला. मात्र रुग्णालयाने त्याच काळात अबिराटेरोन हे प्रोस्टेट कॅन्सरचे औषध सुरू केले होते आणि पीएसए त्यानेही उतरतो. ‘जुन्या डॉक्टरांना यातले काही सांगू नका’ ही त्याची अट होती. आईने ती मोडली आणि रिकामी बाटली डॉक्टरांपुढे ठेवली. लेबलवर बॅच क्रमांक नव्हता, उत्पादकाचा पत्ता नव्हता. बाटलीत काय होते ते कळल्याशिवाय पुढचे उपचार कसे ठरवायचे, ही डॉक्टरांची चिंता मला पैशांपेक्षा मोठी वाटली.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात तक्रार केली, बाटली अन्न व औषध प्रशासनाकडे दिली. अडचण पावतीची आहे. तिच्यावर औषधाचे नाव कुठेच नाही, केवळ ‘सल्ला शुल्क’ असे लिहिले आहे, आणि ऑनलाइन पाठवलेले पैसे कंपनीच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यात गेले आहेत. सल्ला दिला आणि त्याचे पैसे घेतले, असे मध्यस्थ आता म्हणतो. सुदैवाने त्याचे संदेश आम्ही पुसले नव्हते. त्यांत औषधाचे नाव, डोस आणि रक्कम एकत्र लिहिलेली आहे, आणि तक्रारीचा सारा भार सध्या त्या संदेशांवर आहे.